फ्लॅश उडाला, आजी दिसली!

डिजिटल रेंजफाइंडरवर फ्लॅश लावणं म्हणजे पैठणीवर स्पोर्ट्स शूज, असं मानणाऱ्यांची जमात मोठी आहे. पण अंतर मोजणारा कॅमेरा आणि अंतरावर चालणारा फ्लॅश यांची कुंडली जुळली तर? साताऱ्यातल्या एका सहस्रचंद्रदर्शनाची ही गोष्ट.

आमच्या आजीचा डोळे उघडे असलेला एकही फोटो घरात नाही. म्हणजे गेल्या पंधरा-वीस वर्षांतला तरी नाही. मावसभावाची मुंज, माझ्या बहिणीचं लग्न, मामाच्या पुण्यातल्या फ्लॅटची वास्तुशांत, सगळीकडे आजी आहे. अंगावर इरकल, नाकात नथ, केसांत अबोलीचा गजरा आणि डोळे गच्च मिटलेले. जणू फोटोग्राफरनं 'स्माइल प्लीज'ऐवजी 'शुभं करोति म्हणा' असं सांगितलंय.

त्यामुळे तिचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं, तेव्हा आजीनं फोनवर मेनू, आहेर, गुरुजी असले सगळे विषय बाजूला ठेवले आणि थेट मुद्द्यावर आली. "यंदा फोटो नीट काढा गं. उद्या भिंतीवर लावायची वेळ आली, तर डोळे मिटलेली म्हातारी नको. आणि तो मोबाइल नको. त्यात माझा चेहरा मळलेल्या कणकेसारखा येतो."

मी फोनवर हसले. फोन ठेवल्यावर मात्र नाही हसू आलं.

माझ्याकडचा कॅमेरा म्हणजे फोनच. मग आतेभावाला गाठलं. त्याच्याकडे लायका एम९ आहे, ३५ मिलिमीटरच्या लेन्ससकट. कॅमेरा हातात देताना त्याचा चेहरा मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा झाला होता. सूचनांची यादी लांबलचक होती आणि शेवटची सूचना होती, "फ्लॅश लावू नकोस हं. यावर कुणी फ्लॅश लावत नाही."

का नाही लावत? इथूनच सगळी गंमत सुरू झाली.

दोन खिडक्यांची भानगड

रेंजफाइंडर म्हणजे काय, ते आधी पटकन. एसएलआर कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो. आत एक आरसा असतो आणि क्लिक करताना तो वर उडतो. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. समोर दोन छोट्या खिडक्या असतात, आणि त्यांतून येणारी दोन चित्रं मधल्या चौकोनात एकावर एक दिसतात. लेन्सची रिंग फिरवायची. दोन नाकांचं एक नाक झालं, की फोकस जमला. शाळेत भूमितीच्या तासाला झोपला नसाल तर लक्षात येईल, की हा सरळसरळ त्रिकोणाचा खेळ आहे. कॅमेरा अंतर मोजतोय. आणि मोजलेलं अंतर लेन्सवर छापलेल्या आकड्यांत तुम्हाला वाचताही येतं: १ मीटर, २ मीटर, ३, ५.

हे आकडे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहेत.

या जातीचा पहिला डिजिटल कॅमेरा लायकाचा नव्हता. तो एप्सननं काढला, आर-डी१, २००४ साली. होय, प्रिंटरवालं एप्सन. सहा मेगापिक्सेलचा हा डिजिटल गडी, पण प्रत्येक फोटोआधी अंगठ्यानं शटरचा खटका ओढायला लावायचा. मग २००६ मध्ये लायका एम८ आला आणि २००९ मध्ये एम९, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा पूर्ण सेन्सर असलेला पहिला डिजिटल रेंजफाइंडर. आज हे कॅमेरे बनवणारे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि नव्या लायकाची किंमत ऐकून घरचे आधी तुमचा चेहरा आणि मग बँकेचं पासबुक बघतात.

एम८ची एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याचा सेन्सर अवरक्त किरणांना इतका संवेदनशील होता, की काळे सिंथेटिक कपडे फोटोत जांभळट यायचे. विशेषतः पिवळ्या बल्बखाली. शेवटी कंपनीनं ग्राहकांना लेन्ससाठी दोन-दोन फिल्टर फुकट दिले. विचार करा, संक्रांतीचं हळदीकुंकू, सगळ्या बायका हौसेनं काळ्या साड्या नेसून आलेल्या आणि अल्बममध्ये जांभळांची टोपली! सेकंडहँड एम८ घेत असाल, तर तो फिल्टर सोबत आहे ना, ते आधी विचारा. फ्लॅश लावला तरी त्याची गरज संपत नाही.

साहेबांना आवडत नसे

फ्लॅशविरोधी जमातीचे आराध्यदैवत म्हणजे आंरी कार्तिए-ब्रेसाँ. हातात लायका आणि आहे त्या प्रकाशात फोटो, हा त्यांचा धर्म. फ्लॅश म्हणजे त्यांच्या लेखी जवळजवळ असभ्यपणा. आता एवढ्या मोठ्या माणसानं नाही म्हटल्यावर पुढच्या पिढ्यांनी ते सोवळं पाळलं, यात नवल नाही.

पण त्याच कुळात ब्रूस गिल्डनही आहेत. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर एका हातात लायका, दुसऱ्या हातात फ्लॅश आणि समोरच्याच्या अगदी तोंडाशी जाऊन क्लिक. हा माणूस मॅग्नम या त्याच संस्थेचा सदस्य, जिच्या संस्थापकांत ब्रेसाँ होते! गिल्डन यांची पद्धत आपल्याकडे लक्ष्मी रोडवर वापरलीत, तर फोटोआधी फटका मिळेल. ते सोडा. पण त्यांच्या हाताकडे बघा. डावा हात फ्लॅशमध्ये अडकलाय, मग फोकसची रिंग कोण फिरवतंय? कुणीच नाही. अंतर आधीच ठरवून ठेवलेलं असतं. माणूस त्या अंतरावर आला, की क्लिक.

त्यांच्याही आधी, १९३० आणि ४०च्या दशकांत, वीजी नावानं प्रसिद्ध असलेले आर्थर फेलिग न्यूयॉर्कमध्ये रात्री-अपरात्री गुन्ह्यांचे फोटो काढत फिरायचे. त्यांची रेसिपी प्रसिद्धच आहे: फोकस दहा फुटांवर, अपर्चर एफ/१६ आणि एक फ्लॅशबल्ब. बस्स! पोलिसांच्या गाडीमागे धावणाऱ्या माणसाला गणित करायला वेळ नसतो. म्हणून त्यांनी ते एकदाच करून ठेवलं होतं.

हे वाचताना माझी ट्यूब पेटली. फ्लॅशचा सगळा मामला अंतराचाच आहे.

एक भागाकार, बस्स

फ्लॅशचा प्रकाश फार आळशी असतो. अंतर दुप्पट झालं, की तो निम्मा नाही, पाव उरतो. एक मीटरवरची मावशी पिठासारखी पांढरी आणि चार मीटरवरचे काका अंधारात, हा प्रत्येक घरगुती अल्बममधला सीन त्यामुळेच घडतो.

म्हणून प्रत्येक फ्लॅशला एक गाइड नंबर असतो. समजा तो २० आहे (मीटरमध्ये, आयएसओ १००ला). या नंबराला अंतरानं भागायचं, की अपर्चर मिळतं. माणूस अडीच मीटरवर? २० भागिले अडीच, म्हणजे एफ/८. पाच मीटरवर? एफ/४. आयएसओ ४००वर नेला, की गाइड नंबर दुप्पट, ४०. फ्लॅशची पॉवर पावपट केली, की निम्मा, परत २०. म्हणजे आयएसओ ४०० आणि पाव पॉवर ठेवली, तरी गणित तेच राहतं, वर फ्लॅश झटपट चार्ज होतो आणि सेलही टिकतात. भाजीवाल्याशी घासाघीस करताना आपण याहून अवघड हिशेब करतो.

बाकी अनेक कॅमेऱ्यांत या भागाकारातलं अंतर तुम्हाला अंदाजानं ठरवावं लागतं. रेंजफाइंडरमध्ये ते लेन्सवर लिहिलेलंच आहे! फोकस करा, आकडा वाचा, भागा, अपर्चर फिरवा. या लेन्सचं अपर्चर हातानंच फिरवायचं असतं, त्यामुळे सगळा कारभार डाव्या हाताच्या दोन बोटांत. ज्या कॅमेऱ्याला फ्लॅश शोभत नाही म्हणतात, तो कॅमेरा जणू फ्लॅशसाठी फूटपट्टी घेऊनच जन्माला आलाय.

अर्थात आळशी माणसांची सोयही आहे. टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक बारीक फ्लॅश उडवतो, परत आलेला प्रकाश लेन्समधून मोजतो आणि मग खरा फ्लॅश तेवढ्याच ताकदीचा सोडतो. दुसरा प्रकार जुना आणि माझ्या मते जास्त भरवशाचा: फ्लॅशच्या कपाळावरच एक डोळा असतो, तो पुरेसा प्रकाश परत आला, की फ्लॅश तोडतो. याला कॅमेरा कुठलाही चालतो. फक्त कॅमेऱ्यावरचे आयएसओ आणि अपर्चर फ्लॅशलाही सांगायचे असतात. मी पहिल्या ट्रायलला कॅमेरा ६४०वर ठेवला आणि फ्लॅशला १०० सांगितलं. मैत्रिणीच्या वाढदिवसाचे फोटो आहेत ते. सगळ्याजणी तांदळाच्या पिठाच्या बरणीत डोकावून आल्यासारख्या दिसतात.

आणि बाबांच्या कपाटातला जुना फ्लॅश? तो लावण्याआधी थांबा. जुन्या काही फ्लॅशच्या पायातून दोनशेच्या वर व्होल्ट येतात. फिल्मच्या कॅमेऱ्यांना त्याचं काही नव्हतं, आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला मात्र ते जड जाऊ शकतं. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे मल्टिमीटर असतो. फ्लॅश चार्ज करून मधला पॉइंट आणि कडेची पट्टी यांच्यामध्ये तो धरायचा. बाबांच्या फ्लॅशनं १८० दाखवले. बाबांना वाईट वाटलं, पण आतेभावाचा जीव वाचला. मग मी एक साधा, छोटा मॅन्युअल फ्लॅश घेतला, गाइड नंबर २०.

शटरचं एक पथ्य सांभाळायचं. फ्लॅश उडतो त्या क्षणी पूर्ण सेन्सर उघडा हवा, आणि फार वेगवान शटरमध्ये तो एकदम पूर्ण उघडा कधीच नसतो, फक्त एक फट सरकत जाते. ही वेगाची मर्यादा आर-डी१ला १/१२५ सेकंद, एम८ला १/२५०, एम९ला १/१८०. (फिल्मच्या एम३ला, १९५४ साली, १/५० होती. तेव्हा तक्रार करू नका.) त्याच्या वर गेलात, तर काही कॅमेरे फ्लॅश उडवतच नाहीत आणि काही उडवतात, तेव्हा फोटोवर काळा पडदा पडतो. भर उन्हात पोर्ट्रेट काढताना ही मर्यादा खरोखर नडते. साताऱ्याच्या माजघरात मात्र ऊन कुठलं?

माजघरातली परीक्षा

आजीचं घर जुनं आहे. फ्लॅश छताकडे वळवून प्रकाश खाली पाडणं हा लग्नातल्या फोटोग्राफर मंडळींचा हुकमी एक्का, पण त्याला पांढरं छत लागतं. माजघराला लाकडी तुळया, काळपट फळ्या. प्रकाश वर गेला, की गेला; सातबारा होतो त्याचा. भिंती पोपटी. तिथून उसळवला, तर आजी पोपटी होणार.

रुमाल बांधायचा का? हा लोकप्रिय उपाय मी घरी करून पाहिला होता. फ्लॅशवर रुमाल बांधल्यानं प्रकाश मऊ होत नाही, फक्त कमी होतो. मऊपणा येतो प्रकाशाच्या आकारानं. छत मोठं असतं म्हणून तिथून येणारा प्रकाश मऊ. काडेपेटीएवढ्या फ्लॅशवर मलमल लावा नाही तर मांजरपाट, तो काडेपेटीएवढाच राहतो.

मग ठरवलं, थेट मारायचा. पण कॅमेऱ्याच्या डोक्यावरून नाही. एकतर एवढ्याशा कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला, की तो तोल जाऊन मान टाकतो. आणि फ्लॅश लेन्सला चिकटून असला, की अंधारात मोठ्या झालेल्या बाहुल्यांमधून प्रकाश थेट परत येऊन डोळे लाल होतात. म्हणून दीड मीटरची केबल आणली आणि मावसभावाच्या हातात फ्लॅश दिला. माझ्या बाजूला, हात वर करून उभं राहायचं, एवढंच काम. इंजिनीअर आहे, त्यामुळे त्यानं अठरा प्रश्न विचारले.

आता खरी मेख होती ती दिव्यांची. ८१ निरांजनांनी ओवाळणार होते. फक्त फ्लॅशच्या हिशेबानं फोटो काढला असता, तर आजी लख्ख आणि दिव्यांच्या जागी ८१ फिकट ठिपके. ते कुणाला हवेत? इथे एक छान युक्ती आहे. फ्लॅश स्वतः सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर उरकतो, त्यामुळे शटर किती वेळ उघडं राहतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दिव्यांना मात्र वेळ लागतो. शटर १/१५वर नेलं, की चेहरा फ्लॅशनं गोठतो आणि दिवे आपला उजेड सावकाश ओतत राहतात. फ्लॅशचा प्रकाश दिव्यापुढे निळा वाटतो, म्हणून त्यावर नारिंगी जिलेटिन पेपरचा एक पदर चिकटवला. दहा रुपयांचं काम.

हिशेब असा: गाइड नंबर २०. आयएसओ ४००ला ४०. पॉवर एक अष्टमांश, म्हणजे साधारण १४. जिलेटिन एक स्टॉप खातो, हे घरी तपासलं होतं, उरले १०. मला अपर्चर हवं एफ/४. म्हणजे फ्लॅश आणि आजी यांच्यात अंतर हवं अडीच मीटर. कॅमेऱ्यापासूनचं नाही हं, फ्लॅशपासूनचं! यात भलेभले चुकतात.

मामानं पूजेच्या ताटातला लाल दोरा दिला. अडीच मीटर मोजला, एक टोक आजीच्या पाटापाशी धरलं, दुसरं ताणलं आणि जिथे पोचलं तिथे जमिनीवर रांगोळीचा ठिपका दिला. मावसभाऊ त्या ठिपक्यावर उभा. मीही त्याला खेटून. मावशीनं दोनदा तो ठिपका "हे काय सांडलंय" म्हणत पुसला.

एक पापणी

आजी डोळे का मिटते, याचा शोध मला घरच्या ट्रायलमध्येच लागला होता. टीटीएलचा तो आधीचा बारीक फ्लॅश! बहुतेकांना तो जाणवतही नाही. पण काही माणसांची पापणी चपळ असते. पहिल्या झपक्यानं ती मिटायला लागते आणि खरा फ्लॅश येतो, तेव्हा बरोब्बर बंद असते. लग्नातल्या फोटोग्राफरचा महागडा फ्लॅश आजीला आधीच सावध करत होता. वर कुणीतरी "एक, दोन, तीन" ओरडायचं. तीनला ती शिस्तीत मिटायची.

मॅन्युअलमध्ये आधीचा फ्लॅश नाही. पापणीला कळेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून मी मोजायला बंदी घातली.

ओवाळायला सुरुवात झाली. ताम्हणातले दिवे आजीच्या चेहऱ्याभोवती फिरत होते, मामेबहिणीचे हात थरथरत होते (ताम्हण जड होतं), आणि आजी दिव्यांकडे बघत होती. मी खिडकीतून बघत होते. फोकस आधीच अडीचवर लावलेला, रिंगला हात लावायचा नव्हता. क्लिक.

आणि मला ते दिसलं. एसएलआरमध्ये हे दिसत नाही, कारण फोटो निघतो नेमक्या त्या क्षणी आरसा वर असतो आणि आपल्या डोळ्यापुढे अंधार. रेंजफाइंडरची खिडकी कधीच मिटत नाही. फ्लॅशचा झपका चेहऱ्यावर पडताना दिसतो. त्या झपक्यात नथ, कपाळावरचं कुंकू, सुरकुत्या आणि टक्क उघडे दोन डोळे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला उजवा जरा जास्त चमकणारा. त्यानंतर पापणी मिटली. उशीर झाला होता तिला!

मी स्क्रीन बघितलाच नाही. मावसभाऊ म्हणाला, "चेक कर ना." म्हटलं, "गरज नाही, दिसली."

"झाला का?" आजीनं विचारलं.

"झाला."

"डोळे?"

"उघडे."

तिचा विश्वास बसला नाही. त्या संध्याकाळी मी अजून तीसेक फोटो काढले, त्यातल्या चारांत तिनं डोळे मिटलेच, कारण कुणीतरी मोजलंच. दोन फोटोंत मावसभाऊ प्रसादाच्या वासानं ठिपका सोडून पुढे सरकला होता, तिथे आजी मैद्यासारखी आलीय. तो पहिला मात्र जसा दिसला होता, तसाच होता. कॅमेरा परत करताना आतेभावाला दाखवला. त्यानं बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "फ्लॅश आहे हे कळत नाही." नंतर हळूच विचारलं, "किती मीटर?"

मोठी प्रिंट काढून, फ्रेम करून पंधरा दिवसांनी साताऱ्याला गेले. आजीनं चष्मा लावला. फ्रेम खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, आडवी केली, पुन्हा उभी केली. मामी, मावशी, सगळ्या मागे उभ्या.

"बरा आलाय," आजी म्हणाली. मग बोट ठेवून, "पण पदर बघ कसा सरकलाय. हा नाही भिंतीवर लावायचा. दिवाळीत येशील ना, तेव्हा दुसरा काढ."